मयूचं हसू

सोलापूर, रविवार रात्र

प्रिय सुन्या,

दिवाळीपासून तुझे मेसेज वाचून गप्प बसलोय, त्याच्या शिव्या नंतर घाल. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर जरा वर, नळाला पाणी चार दिवसांनी. झालं.

अण्णांची मयू टीव्हीवरच्या त्या गाण्याच्या स्पर्धेत आहे ना, तिचा कालचा एपिसोड बघितलास का बे? नसशील तर बघ, आणि आवाज बंद करून बघ. त्या नांदेडच्या पोरीचा अंतऱ्यात सूर गेला, परीक्षकांनी डोळे मिटले, आणि धाडकन मयूचा क्लोज, नुसता चेहरा. हसतेय. दीड सेकंद, म्हणजे 37-38 फ्रेम. मग परत ती पोरगी, डोळ्यांत पाणी, खाली पियानो.

आज सकाळी दूधवाल्यापासून सगळ्यांचा निकाल लागलेला. ‘अण्णांची पोरगी लई माजली.’ अण्णा दुपारी दुकान बंद करून घरी येऊन बसले.

मी तो तुकडा मोबाइलवर थांबवून थांबवून पाहिला. नांदेडच्या गाण्याला अख्खं स्टेज केशरी होतं, मयूच्या गालावर मात्र डावीकडून निळा पडलाय. क्लोजमध्ये गजरा ताजा, उजव्या खांद्यावर आलेला. लगेच पुढच्या वाइडमध्ये, सगळे दिसतात त्या शॉटमध्ये, बघतो तर गजराच नाही. संध्याकाळी तिला विचारलं. म्हणाली, ‘काका, मधल्या वेळात लाइटवाले निळा तपासत होते. फ्लोअरवरच्या एका दादाच्या पायात केबल अडकली आणि तो थेट परीक्षकांच्या खुर्चीत जाऊन बसला. सगळेच हसलो.’ सगळे हसले, पण कॅमेरा हिच्यावर चालू होता.

बाळीवेशीतल्या काकूंना हे समजवायला गेलो. आपला कुलेशॉव्ह काढला. म्हटलं, रशियात त्या बाबानं एका नटाचा एकच चेहरा घेतला, पुढे एकदा सूपाची वाटी जोडली, एकदा शवपेटीतलं पोर, एकदा बाई. लोकांना वाटलं नट भुकेला आहे, मग दुःखी आहे, मग लंपट आहे. चेहरा तोच, बदलला फक्त शेजार. काकू शांतपणे म्हणाल्या, ‘असेल. पण ती हसली ना?’ सुन्या, याला तुझ्याकडे उत्तर असलं तर कळव, माझ्याकडे नव्हतं.

मल्टिकॅम, म्हणजे एकाच वेळी अनेक कॅमेरे लावणं, हे आळशी माणसाचं काम, हे तुझं जुनं पालुपद आठवलं. हुतात्मा स्मृती मंदिराच्या पायऱ्यांवर यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचो, कॅमेरामन कार्ल फ्रॉइंड काय आळशी होता? ‘मेट्रोपोलिस’ शूट केलेला माणूस, 1951 मध्ये ‘आय लव्ह लूसी’ या अमेरिकन विनोदी मालिकेसाठी फिल्मचे तीन कॅमेरे एकदम चालवले, समोर खरे प्रेक्षक बसवून. सावल्या आडव्या येऊ नयेत म्हणून लाइट वरून, सपाट. चित्र जरा बेचव होतं, मान्य. पण विनोदाची वेळ नटाच्या हातात राहिली, आणि समोरचा नट त्याच क्षणी कसा बघतो तेही मिळालं. सिंगल कॅमेऱ्यात तीच रिअ‍ॅक्शन लाइट हलवून नंतर पुन्हा घ्यायची, तोवर चहा थंड आणि नटही थंड. आजही माझं तेच म्हणणं आहे, फक्त कालपासून जरा हळू आवाजात.

कारण पूर्वी स्टुडिओत कुठला कॅमेरा दाखवायचा तो कट तिथल्या तिथे पॅनलच्या बटणावर पडायचा, पडला की पडला. आता प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं रेकॉर्डिंग. पोरं सोफ्यावर दिवसभर बसलेली, लेन्स त्यांच्यावर रोखलेल्या. हसणं, जांभई, पाणी पिणं, सगळं उन्हाळ्यातल्या सांडग्यांसारखं वाळवून डब्यात, लागेल तेव्हा तळायचं. 1972 ला ‘मॅश’ ही युद्धातल्या डॉक्टरांची अमेरिकन विनोदी मालिका आली तेव्हा चॅनेलला वरून जोडलेल्या हसण्याचा ट्रॅक हवाच होता; करणाऱ्यांनी भांडून एवढं मिळवलं की ऑपरेशन थिएटरमध्ये तो वाजणार नाही. हसू कुठे चिकटवू नये यावर कुणीतरी भांडलं होतं रे. आणि तो ट्रॅक तरी बिनचेहऱ्याचा होता. इथे हसू मयूचं आहे, नावपट्टीसकट.

तू म्हणशील, लग्नाच्या शूटिंगवाल्यानं बोलू नये. बरोबर, मीही सरकवतो. पाठवणीला रडणारी आई अंतरपाटाच्या प्रसंगात लावतो. पण ती आई त्याच लग्नात, त्याच पोरीसाठी रडलेली असते. आणि तू तर गप्पच बस, राज्य नाट्य स्पर्धेच्या शूटमधला सरांचा तो लांबलचक पॉज कापून तिथे दुसऱ्या रांगेत वारा घेणारी बाई कुणी घातली? सर गेले, पण मी ते विसरलेलो नाही.

आता खरं विचारतो. तू याच धंद्यात आहेस, असेच शो कापतोस. चॅनेलवरून ‘इथे ड्रामा वाढवा’ असा निरोप आला असता, तर तू तो क्लोज लावला असतास का? ‘सगळेच लावतात’ हे उत्तर चालणार नाही, तुझं सांग. आणि दुसरं, मयूनं तिथं बसायचं कसं? ती आता म्हणते, मी हसणारच नाही. मी म्हटलं, मग दगडासारखा चेहरा मिळेल त्यांना, तो कुणी छान गायल्यावर लावतील आणि तू जळकी ठरशील. गजरा रोज तोच, तिथेच माळायचा, असं सांगणार होतो, पण त्यानं फक्त त्यांचं कंटिन्युइटीचं, म्हणजे शॉटला शॉट जुळवायचं, काम सोपं होईल. करार अण्णांनी न वाचता सही केलाय, तो फोटो काढून पाठवतो. एडिटबद्दल बोलायला काही जागा ठेवलीय का बघ.

तुझा बोरिवलीचा फ्लॅट झाला का? वहिनींची बदली? चिरंजीव दहावीला ना यंदा, त्याला एडिटिंगला घालू नको.

मयू आणि अण्णा बुधवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला निघतील, गुरुवारी शूट आहे. त्याआधी फोन कर, माझ्याशी नको, तिच्याशी बोल. मी काही सांगायला गेलो की ती म्हणते, काका, तुम्ही लग्नंच करता.

तुझा
पक्या