शेखरला पत्र: थाई करीत नारळाचं दूध फुटू दे

दापोली,
12 जुलै

प्रिय शेखर,

तुझं पत्र आलं. बँकॉकहून परत आल्यापासून वहिनींच्या जिभेवरून ती हिरवी करी उतरत नाहीये, आणि तुमच्याकडच्या हॉटेलात 'थाई करी' म्हणून जे पुढ्यात आलं ते हिरवं पनीर मखनी होतं, हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. तू म्हणतोस, तिकडे नोकरीला होतास तर तूच सांग, पण अर्ध्या तासाच्या आत झाली पाहिजे आणि शंभर टक्के शाकाहारी पाहिजे. दोन्ही जमतं. फक्त आपल्या हाताला लागलेल्या दोन-तीन सवयी तेवढ्यापुरत्या बाजूला ठेवाव्या लागतात.

आधी घाईचं सांगतो. तिथली बाई रोज संध्याकाळी दगडी खलात तासभर वाटण कुटत बसते, असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून दे. बँकॉकला ख्लोंग तोईचा मोठा बाजार आहे. तिथे वाटणवाल्यांच्या घमेल्यांत हिरव्या, लाल, पिवळ्या वाटणाचे ढीग रचलेले असतात. वरून इतके गुळगुळीत थापलेले की हात लावायचा मोह व्हावा. सांगशील तेवढं वजन करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, रबर लावून देतात. ऑफिसातून सुटलेली माणसं ती पिशवी, नारळाचं दूध आणि दोन भाज्या घेऊन घरी जातात आणि वीस मिनिटांत जेवायला बसतात. तेव्हा तूही एका रविवारी वाटण करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेव. मग मधल्या वारी आलास की चार वड्या काढल्या, काम झालं.

तयार वाटणाची बाटली आणणार असशील तर लेबल चष्मा लावून वाच. त्यात बहुतेक वेळा आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, कारण मुळात ते तसंच करतात, आणि वर करीत माशाचा सॉस पडतो तो वेगळाच. साध्या हॉटेलात 'व्हेज' मागितलं तर पुष्कळदा त्याचा अर्थ तुकडे भाजीचे, एवढाच असतो. वहिनींनी तिथे काय खाल्लं ते आता उकरून काढू नकोस.

घरचं वाटण मात्र निर्धास्त. आणि गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं आपल्याकडे आधीच आहे. लेमनग्रास म्हणून शहरातल्या दुकानात महागडी काडी मिळते ती आपला गवती चहाच. आपण चहात पाती टाकतो, ते बुडखा वापरतात. म्हणून बाजारातली पात्यांची जुडी उपयोगाची नाही, ठोंब उपटून घ्यावा लागतो. बाहेरचे दोन-तीन पदर सोलून टाक, खालचा पांढरट चार बोटं भाग घे आणि आडवा, अगदी कागदासारखा पातळ चीर. उभे धागे राहिले तर मिक्सरमध्ये तुटत नाहीत आणि जेवताना दातांत अडकतात.

कोथिंबिरीची मुळं तर आपण केरात टाकतो! बाजारातून मातीसकट जुडी येते, आपण ती कचकन मोडतो, मुळं गेली. थाई वाटणाचा निम्मा जीव त्या मुळांत आहे. वास पानांपेक्षा खोल, थोडा मातकट, आणि पानांसारखा दोन मिनिटांत उडून न जाणारा. पाण्यात भिजत घाल, जुन्या टूथब्रशने घासून माती काढ. मुळांसकट खालचे देठही घे.

त्यांचं आलं वेगळं असतं. गलांगल म्हणतात ते आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातलं कोळिंजन. गवई लोक आवाजासाठी तोंडात धरतात ना, तेच. अमरावतीत ओलं मिळणं कठीण, पण वाळकं मिळेल. अर्धा तास गरम पाण्यात भिजवून, बारीक तुकडे करून घे. नाहीच मिळालं तर साधं आलं चालव, पण थोडं कमी घाल. आल्याचा तिखटपणा पुढे पुढे करतो, कोळिंजनाचा वास जरा राळेसारखा आणि शांत असतो.

आता प्रमाण. चार माणसांना दोनदा पुरेल एवढं: हिरव्या मिरच्या दहा-बारा (त्यातल्या दोन-तीन लवंगी, बाकी बेताच्या तिखट), गवती चहाचे तीन बुडखे, कोळिंजन बोटभर, सात-आठ लसूण पाकळ्या, सांबाराचे पाच-सहा छोटे कांदे, मुळं-देठ मूठभर, एका लिंबाची किसलेली हिरवी साल (खालचा पांढरा भाग आला तर कडू होतं), एक चमचा धणे, अर्धा चमचा जिरं, आठ-दहा पांढऱ्या मिऱ्या, चमचाभर मीठ. धणे-जिरं कोरडं भाजून आधी पूड कर, मग बाकीचं. खलबत्त्यात कुटलंस तर उत्तमच, सुरुवात मीठ आणि चिवट जिनसांनी कर, कांदा-लसूण शेवटी. मिक्सरमध्ये करशील तर पाणी नको, फिरेनासं झालं की चमचाभर नारळाचं दूध घाल. रंग फिका वाटला तर कोथिंबिरीची पानं घाल. हळद नको रे. आणि गरम मसाल्याच्या डब्याकडे तर बघूही नकोस.

मिरचीही तिकडची मूळची नव्हे. आपल्याकडे आली तशी त्यांच्याकडेही पोर्तुगीजांच्या काळातच आली. 1510 साली गोवा त्यांच्या हाती पडलं, 1511 साली मलाक्का, आणि त्याच सुमारास त्यांचा वकील सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, अयुथ्या दरबारी पोचला. त्याआधी तिखट म्हणजे मिरी. हे मी तिथल्या सहकाऱ्यांना सांगायचो तेव्हा ते माझ्याकडे असं बघायचे, जशी मी त्यांच्या देवाची जातच काढली.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो. आमच्या कोकणात नारळाचं दूध फुटू द्यायचं नाही, हा स्वयंपाकघरातला पहिला कायदा. पातळ दुधात सगळं शिजवायचं, जाड दूध शेवटी घालायचं आणि उकळी यायच्या आत उतरवायचं. सोलकढी तर विस्तवापाशी नेतच नाहीत. आई पातेल्याशी उभी राहून 'फुटेल रे, ढवळत राहा' म्हणायची. थाई लोक बरोबर उलटं करतात. जाड दूध आधी कढईत घालतात आणि मुद्दाम फोडतात.

ते कसं दिसतं ते सांगतो, कारण एकदा डोळ्यांनी पाहिलं की कृती लिहून घ्यायची गरज उरत नाही. वाटीभर जाड दूध लोखंडी किंवा जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर ठेव. आधी साधी उकळी येते, पांढरी, फेसाळ. घाबरून ढवळू नकोस, अधूनमधून उलथनं फिरव. पाच-सहा मिनिटांनी फेस खाली बसतो, बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, एकेक सावकाश फुटतो. मग कडेने एक पारदर्शक रेघ दिसायला लागते. आवाज बदलतो, रटरट थांबून चुरचुर सुरू होते. दूध दाणेदार दिसतं आणि मधेमधे स्वच्छ तेलाचे थेंब चमकतात. आपल्याला वाटतं, गेलं सगळं वाया. नाही, आता खरी सुरुवात. त्याच तेलात तीन-चार चमचे वाटण घालायचं आणि परतायचं. फोडणी नाही, वेगळं तेल नाही. नारळाचं तेल नारळातूनच सुटलं आणि वाटण त्यात परतलं की कच्च्या लसणीचा वास जातो आणि गवती चहाचा वर येतो. खिडकी उघडी ठेव, मिरचीचा ठसका लागतो.

तुझी अडचण मला ठाऊक आहे. तुमच्याकडे नारळ महाग आणि घरात खवणी नाही, म्हणजे खोक्यातलं दूध येणार. खोक्यातलं बरंचसं दूध फुटत नाही, कारण ते एकजीव राहावं म्हणून त्यात डिंकासारखे पदार्थ घातलेले असतात. अर्धा तास उकळत बसलास तरी ते आटून नुसती खीर होईल. तेव्हा लेबलावर नारळ आणि पाणी एवढंच असलेलं शोध. नाही सापडलं तर चमचाभर खोबरेल तेल कढईत घालून त्यात वाटण परत आणि थोडं थोडं दूध घालत जा. चवीत उन्नीस-बीस फरक पडेल, पण काम भागतं. (खोबरेल खायचं आण, डोक्याला लावायचं नव्हे. तुझा भरवसा नाही.)

बाकी सोपं. परतलेल्या वाटणात पातळ दूध दोन वाट्या, उकळी आली की भाज्या. वांगी आधी. तिथे पिंगपाँगच्या चेंडूएवढी गोल हिरवी-पांढरी वांगी घालतात. आपल्याकडची छोटी हिरवी वांगी चालतात, चार फोडी करून मिठाच्या पाण्यात ठेव, नाहीतर काळी पडतात. मग चवळीच्या शेंगा, बेबीकॉर्न. ढोबळी मिरची शेवटी, तिचा कुरकुरीतपणा जाता कामा नये. बांबूचे कोंब ते हमखास घालतात. पावसाळ्यात मेळघाटातून तुमच्याकडे वास्ते येतात ना, तेच. फक्त आधी चिरून उकळ आणि ते पाणी फेकून दे. कच्च्या कोंबात विषारी द्रव्य असतं, ते उकळल्यावर जातं. पनीरऐवजी टोफू घाल, पनीर ह्या दुधात उगाच परका दिसतो. झाकण नको, भाज्या दहा मिनिटांत शिजतात. आणि करी पातळ राहू दे. कॉर्नफ्लोअर लावून घट्ट केलीस की मैत्री तुटली.

माशाच्या सॉसऐवजी सोया सॉस दोन चमचे आणि मीठ चाखून. गोडीला ते ताडामाडाचा गूळ घालतात. गोव्यात माडाचा काळा गूळ मिळतो तो अगदी जवळचा. आपला साधा गूळ सुपारीएवढा पुरे. हिरव्या करीत चिंच घालू नकोस, ती मसमनमध्ये जाते. मसमन म्हणजे दालचिनी, वेलदोडे, बटाटे आणि शेंगदाणे घातलेली त्यांची करी. ती तुला फार आवडेल, पण तिच्यासाठी वेगळं पत्र.

राहिली पानं. लिंबाचं त्यांचं एक जोडपान असतं, एकाच्या टोकाला दुसरं चिकटवल्यासारखं. ते मोठ्या शहरांत गोठवलेलं मिळतं. नसेल तर आपल्या लिंबाची कोवळी पानं, मधली शीर काढून, दोऱ्यासारखी चिरून घाल. तुळस त्यांची बडीशेपेच्या वासाची असते. ती आणि फालुद्यातला सब्जा वनस्पती म्हणून एकाच जातीची. किराण्यातला चिमूटभर सब्जा कुंडीत टाक, आठवड्याभरात उगवतो. वृंदावनातली तुळस ह्या करीत चालत नाही. तिच्या भावंडाची दुसरी भाजी करतात, मिरची-लसणीत परतून. पानं गॅस बंद केल्यावरच घालायची.

भात बासमतीचा नको, तो फार सुटा होतो. त्यांचा सुवासिक तांदूळ जरासा चिकट असतो, त्याला आंबेमोहोर जवळचा. जेवताना चॉपस्टिक शोधत बसू नका. थाई माणूस भात चमच्याने खातो, डाव्या हातातल्या काट्याने चमच्यावर ढकलतो. चॉपस्टिक फक्त नूडल्सना.

वहिनींना एक सांग. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात तिथे नऊ दिवस शाकाहार पाळतात, फुकेतला तर मोठा उत्सव असतो. बहुतेक वर्षी ते आपल्या नवरात्रातच येतं. रस्तोरस्ती गाड्यांवर पिवळे झेंडे लागतात, त्यावर लाल अक्षर. तो झेंडा दिसला की डोळे मिटून खा. मासा नाही, कोळंबी नाही, अंडं नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. त्याच दिवसांत बँकॉकच्या सीलोम रस्त्यावरच्या मारीअम्मनच्या देवळात नवरात्र चालू असतं आणि थाई लोक झेंडूच्या माळा घेऊन रांगा लावतात. पुढच्या खेपेला तेव्हाच जा.

करी उरली तर टाकू नकोस, दुसऱ्या दिवशी जास्त मुरते. ते लोक ती तांदळाच्या पांढऱ्या शेवयांवर ओतून खातात. आमच्याकडे शिरवाळे करतात तसल्याच शेवया, फक्त आम्ही त्या गुळाच्या गोड नारळरसात बुडवतो. शेवया गार चालतात, करी मात्र कढत हवी.

गवती चहाचा ठोंब कुरियरने पाठवतोय, ओल्या गोणपाटात बांधून. आल्या आल्या लाव, पाऊस आहे तोवर धरेल. कुंडीत नको, जमिनीत लाव, फोफावतो.

वहिनींना नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद