गॉर्गसवरच्या व्याख्यानाबद्दल

प्रिय सुहास,

तुझा आराखडा वाचला. बहुतेक ठीक आहे, पण पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) साथी रोखणाऱ्या डॉक्टर गॉर्गसची गोष्ट पनामा कालव्यापासून सुरू करू नकोस. क्यूबातल्या हवानापासून कर, आणि तिथेही आधी त्याची फसलेली मोहीम सांग. ती कळली नाही तर पुढचं सगळं नुसतं ‘डास मारले, रोग गेला’ असं वाटतं.

पार्श्वभूमी दोन वाक्यांत उरक. विल्यम गॉर्गस 1880 मध्ये अमेरिकन लष्करात सर्जन म्हणून लागला. 1882 मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट ब्राउनला त्याला पीतज्वर झाला आणि तो वाचला. एकदा होऊन गेलेला पीतज्वर पुन्हा होत नाही, त्यामुळे साथीच्या ठिकाणी पाठवायला हा माणूस सोयीचा ठरला.

1898 च्या स्पेनबरोबरच्या युद्धानंतर हवाना अमेरिकनांच्या ताब्यात आल्यावर शहराच्या आरोग्याचं काम त्याच्याकडे आलं. रोग घाणीतून पसरतो ही तेव्हाची समजूत, आणि तीच त्याचीही. रस्ते धुतले, कचरा उचलला, मेलेली जनावरं हटवली. इतर मृत्यू घटले, पण पीतज्वर 1900 मध्ये उलट वाढला. त्या वर्षी 310 माणसं गेली. कारण साधं होतं. जुन्या रहिवाशांना लहानपणीच रोग होऊन गेलेला असायचा. साथीला सरपण पुरवलं ते स्पेनहून नव्याने आलेल्या लोकांनी. आणि डास उकिरड्यावर वाढत नव्हताच. तो घरातल्या पिंपात, हौदात, फुलदाणीत, स्वच्छ पाण्यात वाढत होता.

पीतज्वर डासातून पसरतो ही कल्पना क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले 1881 पासून मांडत होते. 1900 मध्ये अमेरिकन लष्करी डॉक्टर वॉल्टर रीडच्या मंडळाने ती सिद्ध केली. रुग्णांच्या बरबटलेल्या अंथरुणात स्वयंसेवक वीस रात्री झोपले, कुणीही आजारी पडलं नाही. डास चावले तेव्हा मात्र पडले. हा शोध गॉर्गसचा नाही, हे व्याख्यानात स्पष्ट म्हण. प्रयोगशाळेतला निष्कर्ष निरीक्षकांच्या घरोघरच्या फेरीत बसवणं हे त्याचं काम, आणि माझ्या मते ते जास्त अवघड होतं.

फेरीचं गणित असं. रुग्णाच्या रक्तातून डासाला लागण होते ती साधारण पहिल्या तीन दिवसांत. मग तो डास दहा-बारा दिवसांनी दुसऱ्याला रोग देऊ शकतो. म्हणून संशय येताच रुग्णाला जाळीच्या खोलीत ठेवायचं. निदान पक्कं होईपर्यंत थांबलात की उशीर झालाच. त्याच्या आणि शेजारच्या घरांत धुरी द्यायची. फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, हजार घनफुटांना एक पौंड पायरेथ्रम (शेवंतीच्या जातीच्या फुलांची कीटकनाशक भुकटी) जाळायचं. त्याने डास मरतातच असं नाही, गुंगतात. म्हणून खाली पडलेले झाडून जाळावे लागत. ते राहिलं की तास-दोन तासांत डास पुन्हा उडाले! गंधक हमखास मारतं, पण धातू काळवंडतो आणि कापड खराब होतं, म्हणून लोक दार उघडेनात.

अंड्यातून डास व्हायला उष्ण हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यामुळे निरीक्षकाची फेरी त्याच्या आत पुन्हा त्याच घरी यायला हवी. पाणी नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या काठाला कोरडी चिकटून महिनोन् महिने टिकतात. काठ घासावा लागतो. हौदाला झाकण किंवा जाळी, उरलेल्या पाण्यावर रॉकेल, आणि ऐकलं नाही तर दंड. फेब्रुवारी 1901 मध्ये काम सुरू झालं, सप्टेंबरमध्ये शेवटचा रुग्ण. त्या वर्षीचे मृत्यू 18, पुढच्या वर्षी शून्य.

पनामात कालव्याच्या कामावर तो 1904 मध्ये गेला. आधी तिथे कालवा खणू पाहणाऱ्या फ्रेंचांनी अँकॉनच्या इस्पितळात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते. म्हणजे रुग्णाच्या उशाशीच डासांची पैदास. कालव्याच्या वरिष्ठ मंडळाला हे डासांचं प्रकरण थोतांड वाटे, सामानाच्या मागण्या अडकत. 1905 मध्ये साथ भडकली, माणसं जहाजं पकडून परतू लागली. त्यानंतर मुख्य अभियंता म्हणून आलेला जॉन स्टीव्हन्स त्याच्या पाठीशी उभा राहिला, पैसे आणि माणसं दिली. गॉर्गसइतकंच श्रेय मी स्टीव्हन्सला देईन. शहरात नळाचं पाणी आलं, पिंपांची गरज संपली. नोव्हेंबरमध्ये पनामा सिटीतला पीतज्वराचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला.

हिवतापाचं तसं नाही, आणि आराखड्यात तू दोन्ही एकत्र केलेत. हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस डास घरातल्या पिंपात नाही, बाहेर दलदलीत आणि गवताळ डबक्यांत वाढतो. वस्तीपासून दोनशे यार्डांपर्यंत, सुट्या घरापासून शंभर यार्डांपर्यंत पाणी काढायचं, गवत फूटभराच्या आत ठेवायचं. त्यात खोदकामच रोज नवी डबकी करी आणि काढलेले चर मातीने बुजवी. पाण्यावरचं तेल वाऱ्याने एका कडेला सरकतं आणि गवतापाशी त्याचा थर तुटतो. म्हणून गॉर्गसचा सहकारी जोसेफ ल प्रिन्स याच्या माणसांनी कार्बोलिक आम्ल, राळ आणि कॉस्टिक सोडा उकळून पाण्यात मिसळणारं अळीनाशक तयार केलं. शिवाय क्विनाइन फुकट. तरी हिवताप संपला नाही, आटोक्यात आला.

1914 मध्ये गॉर्गस लष्कराचा सर्जन जनरल (वैद्यकीय प्रमुख) झाला, 1920 मध्ये लंडनला वारला. हा भाग झरझर घे. पडद्यावर तक्ता एकच ठेव: हिवतापाने इस्पितळात दाखल झालेले, दर हजार कामगारांमागे, 1906 मध्ये 821 आणि 1913 मध्ये 76. शेजारी पीतज्वराचं शून्य ठेव. दोन्ही आकड्यांत फरक का, हे विद्यार्थ्यांनाच विचार. सुधारलेला आराखडा पाठव, वाचून लगेच कळवतो.

तुझा,
अविनाश