पंचाची पंचाईत

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझी अनुवादाची पानं मिळाली. भाषा छान वाहती आहे, त्याबद्दल वेगळं लिहीन. आधी 'पंच'चं बघू. हा इंग्रजी शब्द आला की तू तळटीप टाकतोस : 'मूळ संस्कृत पञ्च, म्हणजे पाच'. ही तळटीप सगळीकडून काढ. तुझ्या पानांत एक पंच कारखान्यातला आहे, एक मुष्टियोद्ध्याचा, एक पिण्याचा, एक कठपुतळीवाल्याचा आणि एक लंडनच्या साप्ताहिकाचा. यातल्या एकाच पंचाचं 'पाच'शी नातं असू शकतं, आणि तेही सिद्ध झालेलं नाही.

तो एक म्हणजे पिण्याचा. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर होता. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापून आलं. त्यात तो लिहितो की गोव्याजवळच्या नेरूळला सगळ्यांत चांगला अरक, म्हणजे गाळलेली दारू, होतो, आणि इंग्रज लोक त्यापासून अंगातलं त्राण घालवणारं 'पाँच' नावाचं पेय करतात. हिंदुस्तानीत पाँच म्हणजे पाच, आणि यात जिन्नस पाच म्हणून हे नाव, असा त्याचा खुलासा. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला ही पुढे रूढ झालेली यादी. आपल्या पंचामृताची आठवण होते, त्यामुळे ही व्युत्पत्ती मराठी माणसाला लगेच पटते. इथेच जरा थांब.

फ्रायरच्या कितीतरी आधी, १६३२ मध्ये, कंपनीच्या एका नोकराच्या पत्रात हा शब्द 'पंच' म्हणूनच येतो. तिथे पाचाचा उल्लेख नाही. मग १६३८ मध्ये मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेत होता. त्याने 'पालेपुंट्झेन' नावाच्या पेयाची नोंद केली : दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. मोज, चारच होतात. आणि मुंबई सरकारच्या १६९४ च्या हुकमात तर मापंच दिलेली आहेत. खानावळीत पंच प्यायला आलेल्या माणसाने एक क्वार्ट गोव्याचा चांगला अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचं पाणी मागून घ्यावं आणि आपला पंच आपण बनवावा. त्या काळच्या मापाने हे साधारण साडेनऊशे मिलिलिटर अरक, सव्वादोनशे ग्रॅम साखर आणि सव्वादोनशे ते अडीचशेच्या मधलं लिंबाचं पाणी. वरून लागेल तसं साधं पाणी. मसाल्याचं नाव नाही. म्हणजे पाच आकडा भरायचा तर ओढाताण करावी लागते.

तुझ्या मूळ पुस्तकात 'आधी साखर लिंबात, मग दारू' असं वाक्य आहे आणि तू ते अनावश्यक समजून गाळलं आहेस. ते परत घाल. साखर दारूत नीट विरघळत नाही. अरक आधी ओतला तर ती तळाशी बसते, वरचा घोट जाळतो आणि शेवटचा पाकासारखा लागतो. लिंबाच्या पाण्यात आधी ढवळली की काम सोपं होतं.

दुसरी अडचण उच्चाराची. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत 'पंच'मधला स्वर 'पुंच'कडे झुकणारा होता. आपला 'पाच' दीर्घ आकाराचा. फ्रायरने तो ऐकून इंग्रजीत वेगळ्या अक्षरांनी लिहिला, कारण त्याला 'पाच'च सिद्ध करायचं होतं. 'पंडित'चं इंग्रजी रूप बघून कोणी म्हणेल की ऱ्हस्व अकारासाठी इंग्रज 'यू' लिहितच असत. खरं आहे, पण इंग्रजांच्या तोंडी तो स्वर 'अ'जवळ यायला सतरावं शतक बरंच पुढे सरकावं लागलं. १६३२ साल त्या मानाने लवकरचं. म्हणून काही कोशकार दुसरा पर्याय पुढे ठेवतात : 'पंचन' नावाचं पिंप. खलाशांच्या ओळखीचं, सुमारे ८४ गॅलनांचं, म्हणजे जवळजवळ ३१८ लिटरचं. पिंपाचं नाव आखडून आतल्या मालाला लागलं, असा तर्क. तोही तर्कच. माझं मत विचारशील तर पारडं अजूनही किंचित 'पाच'कडे झुकतं, कारण पेय निश्चितपणे याच किनाऱ्यावरचं आहे आणि फ्रायरच्या कानावर ही समजूत इथेच आली. पण तळटिपेत 'असे मानले जाते' एवढंच लिही. ताडीपासून 'टॉडी' झाली, तिथे खुशाल छातीठोकपणे लिही.

आता कारखान्यातला पंच. याच्या जन्माविषयी वाद नाही. लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणं. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये टोचण्याच्या हत्याराला 'प्वासाँ'सारखा शब्द आला, इंग्रजीत तो 'पंचन' झाला आणि पुढे कापला जाऊन 'पंच' उरला. पंक्चर, पॉइंट, पंक्चुअल ही सगळी त्याच घरातली माणसं. वेळेवर येणारा माणूस मुळात टोकावर येणारा.

तू त्याला 'छिद्रक' केलं आहेस. आयटीआयमधल्या कुठल्याही पोराला छिद्रक माग, तो तुझ्या तोंडाकडे बघत राहील. पंच म्हणजे पंचच. शिवाय तुझ्या उताऱ्यातला पंच भोक पाडतच नाही. फिटरकडे टोकाच्या कोनावरून तीन प्रकार असतात. ३० अंशांचा प्रिक पंच, कंपासाचा पाय टेकायला बारीक खूण करणारा. ६० अंशांचा डॉट पंच, आखलेली रेघ पुसली गेली तरी राहाव्यात अशा साक्षीच्या खुणा करणारा. आणि ९० अंशांचा सेंटर पंच, ड्रिल बसण्यासाठी रुंद खळगा करणारा. तुझ्या पुस्तकातला कारागीर आधी एक वापरतो आणि मग दुसरा. तू दोन्हीला एकच नाव दिल्यामुळे तो एकच काम दोनदा करतोय असं वाटतं.

काम असं चालतं. पत्र्याला खडू चोळून दोन रेघा एकमेकींना छेदतील अशा आखायच्या. पंच जरा कलता धरून टोक छेदबिंदूवर आणायचं, म्हणजे टोक दिसतं. मग सरळ उभा करून हातोडीचा हलका टोला. आता डोळा खाली नेऊन बघायचं. खूण सरकली असेल तर त्याच खळग्यात पंच तिरका धरून बिंदूच्या दिशेने ढकलत पुन्हा हलका टोला. जागा पक्की झाली की सेंटर पंच आणि एकच जोरदार घाव. दोन घाव घातले तर दुसऱ्या वेळी टोक उसळून शेजारी दुसरा खळगा होतो. हे सगळं कशासाठी? ड्रिलच्या अगदी टोकाला सुईसारखा बिंदू नसतो, छिन्नीसारखी आडवी धार असते. खळगा नसला की ती धार पत्र्यावर भटकते आणि भोक आखलेल्या जागी पडत नाही. मूळ लेखकाने 'वॉक' हे क्रियापद वापरलं आहे ते याच अर्थाने. 'ड्रिल चालू लागले' हे तुझं भाषांतर बदल.

पुढे 'मशरूम' आलेलं आहे ते खायचं नव्हे. सतत टोले खाऊन पंचाचं डोकं पसरतं आणि कडा बाहेर वळतात. त्यातली कपची उडून डोळ्यात जाऊ शकते, म्हणून ते डोकं घासून पुन्हा निमुळतं करतात.

प्रेसमधला पंच निराळा. तो पत्र्यातून चकती कापून खाली ढकलतो, आणि खाली असते डाय, म्हणजे भोक असलेला ठोकळा. 'पंच अँड डाय'चं तू 'ठोसा खा आणि मर' केलं नाहीस याबद्दल देवाचे आभार, पण 'साचा' हेही पुरेसं नाही; दोन्ही शब्द तसेच ठेव. त्या पानावरचे आकडे तुला चुकीचे वाटले, ते बरोबर आहेत. डायचं भोक पंचापेक्षा मुद्दाम मोठं ठेवतात. मऊ पोलादाच्या पत्र्याला प्रत्येक बाजूस जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के. म्हणजे २ मिलिमीटर पत्र्यात १० मिलिमीटरचं भोक हवं तर पंच १० चा आणि डाय १०.२ ते १०.४ ची. फट कमी पडली तर पत्रा दोनदा फाटतो आणि जोर जास्त लागतो. जास्त झाली तर पत्रा आत ओढला जाऊन कडेला मोठी बर, म्हणजे खरखरीत उभी धार, येते. भोक हवं असेल तेव्हा पंच मापाचा धरायचा, चकती हवी असेल तेव्हा डाय. लागणारा जोर म्हणजे भोकाचा परीघ गुणिले जाडी गुणिले धातूची कातर-ताकद. ती ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरली तर या भोकाला सुमारे २२,००० न्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास.

चामड्याच्या प्रकरणात तू आरी आणि पंच एकच मानले आहेत. आरी तंतू बाजूला सारते, त्यामुळे ते भोक हळूहळू मिटतं. टाक्याला तेच हवं असतं. पोकळ पंच चामड्याची टिकलीच काढून घेतो, भोक उघडं राहतं. पट्ट्याला तेच हवं असतं. पट्ट्याला आरीने भोक पाडलं तर बकलाची कांडी रोज झगडते.

याच पंचाने आपल्याला छापील मराठी दिली, हे मात्र तळटिपेत जरूर घाल. छपाईचे खिळे पाडायचे तर आधी मऊ पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटं आणि उठावदार कोरायचं. मधून मधून ते दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळी चढवायची आणि कागदावर दाबून पाहायचं. जमलं की पोलादाला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून आणि बुडवून ते कडक करायचं. पाणी जास्त कडक झालं तर पंच तडकतो, कमी झालं तर अक्षर चेपतं. तो तांब्यात ठोकला की मातृका, म्हणजे अक्षराचा साचा, होते आणि मातृकेत शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळा. रोमन लिपीचं काम मोजक्या अक्षरांत भागतं. देवनागरीला जोडाक्षरं, वरच्या-खालच्या मात्रा, रफार यांच्यामुळे शेकडो पंच लागतात. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देखणे खिळे राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या पंचांचे. एसटीच्या कंडक्टरच्या हातात पूर्वी असायचा तो टिकटिक वाजणारा पंचही याच घराण्यातला, फक्त गरीब शाखेतला.

मुठीचा पंच याच 'पुंगेरे' धातूतून. आधी टोचणं, मग काठीने ढोसणं, मग सोळाव्या शतकात मूठ मारणं. गुरं ढोसत नेणाऱ्या अमेरिकन गुराख्याला 'काउपंचर' म्हणतात ते मधल्या अर्थाने. तो गाईंना ठोसे मारत नाही. मराठीत आपल्याकडे श्रीमंती आहे, ती वापर. समोरून तोंडावर बसतो तो ठोसा, पाठीत बसतो तो गुद्दा, पोराटोरांच्या भांडणातली बुक्की. रिंगणात सगळीकडे 'ठोसा' चालेल, 'गुद्दा' नको. 'पंच-ड्रंक'चं तू 'पंच पिऊन झिंगलेला' केलं आहेस. अरे, तो डोक्यावर ठोसे खाऊन खाऊन मेंदू मंदावलेला मुष्टियोद्धा आहे. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी याच नावाने निबंध लिहिला होता. दारूचा तिथे थेंबही नाही.

राहिला बाहुल्यांचा पंच. हा तिसऱ्याच घरातला. इटलीत नेपल्सकडच्या नाटकांत 'पुल्चिनेल्ला' नावाचं पात्र होतं, आकडेबाज नाक, पाठीला पोक. लंडनमध्ये सॅम्युअल पीप्स या रोजनिशीकाराने ९ मे १६६२ रोजी कॉव्हेंट गार्डनला इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद केली आहे. ब्रिटनमध्ये पंचचा वाढदिवस तोच धरतात. नाव इंग्रजी तोंडात 'पंचिनेलो' झालं आणि तुटून पंच. त्याचा चिरका आवाज काढायला 'स्वॅझल' लागतं : धातूच्या दोन पट्ट्या, मध्ये ताणलेली फीत, वरून दोरा गुंडाळलेला, आणि हे सगळं जिभेने टाळूला धरून बोलायचं. बाकीची पात्रं साध्या आवाजात बोलायची म्हणजे ते पटकन गालात सरकवावं लागतं. गिळलं जाण्याचा धोका असतोच. दोनदा गिळल्याशिवाय पंचवाला पक्का होत नाही, अशी त्यांच्यातली थट्टा आहे. तू 'स्वॅझल'ला 'शिट्टी' म्हटलंस, तिथे 'टाळूची पिपाणी' बघ जमतं का. हा पंच बायकोला, पोलिसाला, सगळ्यांना बडवून स्वतःवर बेहद्द खूश असतो. त्यामुळे 'प्लीज्ड अॅज पंच'ला 'पंचासारखा आनंदी' नको. 'खुशीत गाजरं खात होता' अगदी नेमकं बसेल.

लंडनचं 'पंच' साप्ताहिक १७ जुलै १८४१ ला निघालं, ते या बाहुल्याच्या नावाने. पण संपादकांत मार्क लेमन होते, त्यामुळे लिंबाशिवाय पंच कसला, हा विनोदही लगेच जोडला गेला. म्हणजे दोन घरांची सोयरीक तिथे जमली. आपल्याकडे तिसरी जमली. लखनौचं 'अवध पंच' १८७७ चं, मुंबईत 'पारसी पंच' आणि 'हिंदी पंच', ठाण्याचं मराठी 'हिंदू पंच'. इथल्या वाचकाला त्या नावात बाहुला दिसतच नसणार, त्याला निवाडा करणारा पंच दिसत असणार. तुझ्या शेवटच्या प्रकरणात हे नाव येतं, तिथे मात्र 'पाच'ची तळटीप ठेवलीस तरी चालेल, कारण निवाड्याचा पंच खरोखर पाचांतूनच आला आहे.

'सफोक पंच' हा घोडा आहे, मारामारीचा प्रकार नव्हे. ठेंगणा, जाडजूड, नांगराचा, आणि रंगाने कायम तांबूस. ते वाक्य पुन्हा लिहून पाठव, आणि प्रेसच्या पानावरची आकृतीही, कारण तिच्यात पंच आणि डाय यांची नावं उलटी पडली आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद