गरोदरपणातील लोहाची कमतरता : गोळ्या लिहून दिल्यानंतरचे काम

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गरोदरपणी रक्त वाढवण्यासाठी काय खावे, यावर आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. लेखातील आहाराची माहिती बरोबर आहे आणि ती देण्यामागचा हेतूही चांगला आहे. तरीही प्रसूती विभागात परिचारिका म्हणून उभे आयुष्य काढलेल्या माझ्यासारखीला तो वाचून अस्वस्थ वाटले, कारण ज्या गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन आधीच खाली गेले आहे, तिची या लेखामुळे अशी समजूत होऊ शकते की चार पदार्थ वाढवले की झाले. कमतरता एकदा झाली की ती केवळ ताटातून भरून निघत नाही. त्यासाठी औषध लागते, आणि ते औषध कसे घ्यायचे हे समजावून सांगणारे कोणीतरी लागते. या दुसऱ्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होते, म्हणून हे पत्र.

आधी हिशेब पाहू. एका गरोदरपणासाठी सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. त्यापैकी जवळपास ३०० मिलिग्रॅम बाळ आणि वार यांच्याकडे जाते, साधारण ४५० ते ५०० मिलिग्रॅम आईच्या वाढलेल्या तांबड्या पेशींसाठी खर्च होते आणि उरलेले शरीरातून रोज होणाऱ्या नेहमीच्या झिजेत जाते. पहिल्या तीन महिन्यांत पाळी थांबलेली असल्यामुळे ही मागणी फारशी जाणवत नाही. खरा ताण पाचव्या-सहाव्या महिन्यापासून येतो आणि शेवटच्या तिमाहीत शरीराला रोज पाच-सहा मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक लोह रक्तात शोषून घ्यावे लागते. एरवी आपण आहारातून रोज एक ते दोन मिलिग्रॅमच लोह शोषून घेतो. गरोदरपणी आतडे अधिक लोह ओढू लागते हे खरे, पण अनेक स्त्रियांचा मुळातला साठाच तीनशे मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असतो, आणि आधीच्या जड पाळ्यांनी किंवा लागोपाठच्या बाळंतपणांनी तो आणखी आटलेला असतो. मांस आणि मासे यांतील लोह चांगले शोषले जाते. डाळी, धान्ये आणि पालेभाज्या यांतील लोहाचा थोडाच भाग रक्तापर्यंत पोहोचतो. पालकाचे नाव अशा प्रत्येक यादीत असते, पण त्यातले लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही, हे मात्र क्वचितच छापले जाते. आहार चांगला हवाच, त्याबद्दल दुमत नाही. मात्र त्याच्याकडून उपचाराची अपेक्षा ठेवणे त्या स्त्रीवर अन्याय करणारे आहे, कारण आकडा वाढला नाही की दोष तिच्या खाण्यापिण्यावर येतो.

दुसरी गोष्ट आकड्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीत हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमच्या खाली आणि दुसऱ्या तिमाहीत १०.५ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय मानला जातो, आणि ७ च्या खाली गेल्यास तो तीव्र समजला जातो. मधल्या तिमाहीत निकष थोडा सैल आहे, कारण गरोदरपणी रक्तातील पातळ भाग जवळजवळ निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी तेवढ्या प्रमाणात वाढत नाहीत, आणि रक्त काहीसे विरळ होते. ही नैसर्गिक घट कोणती आणि लोह संपल्यामुळे झालेली कोणती, हे केवळ हिमोग्लोबिनवरून नेहमी कळत नाही. साठ्याचा अंदाज फेरिटिनच्या, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या, तपासणीतून येतो. हिमोग्लोबिन अजून ठीक असतानाच फेरिटिन तळाला गेलेले असू शकते, आणि तेव्हाच उपचार सुरू झाले तर पुढची बरीच धावपळ टळते. अंगात संसर्ग किंवा दाह असेल तर मात्र फेरिटिन फसवे वाढते, त्यामुळे तापात केलेल्या तपासणीतील चांगल्या आकड्यावर विसंबून राहू नये.

लक्षणांबाबतही असाच घोटाळा होतो. थकवा, जिना चढताना लागणारी धाप, छातीत धडधडणे, रात्री पाय सारखे हलवावेसे वाटणे या तक्रारींना 'या दिवसांत असे होतेच' हे उत्तर ठरलेले असते. काही स्त्रियांना बर्फ चघळण्याची किंवा माती, खडू खाण्याची अनावर इच्छा होते आणि त्या लाजेपोटी ती लपवतात. हे डोहाळे म्हणून हसण्यावारी न नेता रक्त तपासून घ्यावे, कारण लोह कमी झाल्याची ती ओळखीची खूण आहे.

आता गोळ्यांविषयी, कारण माझा अनुभव प्रामुख्याने तिथला आहे. आठव्या महिन्यात तपासणीला आलेल्या एका स्त्रीचे हिमोग्लोबिन काही केल्या वाढत नव्हते. तिच्या कागदावर प्रत्येक भेटीत 'गोळ्या चालू' एवढेच लिहिलेले होते. गर्दी ओसरल्यावर तिला शेजारी बसवून शांतपणे विचारले, तेव्हा ती हळूच म्हणाली की गोळ्या सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांतच शौचाला काळे होऊ लागले, आतून रक्त जात आहे असे वाटून ती घाबरली आणि तिने गोळ्या सोडून दिल्या. डॉक्टर रागावतील म्हणून तिने ते कोणालाच सांगितले नव्हते. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, तो निरुपद्रवी असतो, हे एक वाक्य तिला पहिल्याच दिवशी सांगितले गेले असते तर तिचे महत्त्वाचे महिने वाया गेले नसते. (शौच डांबरासारखे चिकट आणि अतिशय दुर्गंधीयुक्त असेल, किंवा सोबत पोटात दुखत असेल, तर ती वेगळी बाब आहे आणि लगेच दाखवायला हवे.) मळमळ, बद्धकोष्ठता आणि तोंडाला येणारी धातूसारखी चव या कारणांनी गोळ्या सोडणाऱ्या स्त्रियाही पुष्कळ आहेत, आणि त्यांना 'बाळासाठी घ्यायलाच हव्यात' असे दटावून काहीही साध्य होत नाही. गोळी रात्री झोपताना घेणे, मात्रा कमी करणे, लोहाचा दुसरा क्षार, म्हणजे वेगळ्या प्रकारची लोहाची गोळी, देऊन पाहणे, बद्धकोष्ठतेवर वेळीच उपाय करणे असे मार्ग उपलब्ध असतात. त्यासाठी तक्रार ऐकून घेणारा माणूस मात्र समोर हवा.

गोळी कधी आणि कशासोबत घ्यायची, हेही बहुतेकींना सांगितलेले नसते. उपाशीपोटी, म्हणजे जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी, पाण्यासोबत किंवा 'क' जीवनसत्त्व असलेल्या फळांच्या रसासोबत घेतलेली गोळी सर्वांत चांगली शोषली जाते. चहा, कॉफी आणि दूध यांसोबत घेतलेल्या गोळीचा बराचसा भाग फुकट जातो. गरोदरपणी कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू असतात आणि सोय म्हणून दोन्ही एकदमच तोंडात टाकल्या जातात. वास्तविक त्यांच्यात काही तासांचे अंतर हवे. आम्लपित्तावरच्या औषधांनीही लोहाचे शोषण घटते. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या स्त्रीने तर दोन्हींत किमान चार तास ठेवावेत, नाहीतर लोहामुळे थायरॉईडच्या औषधाचाच परिणाम कमी होतो. उपाशीपोटी गोळी अजिबात सोसत नसेल तर ती थोड्या खाण्यासोबत घेतलेली चालेल. थोडी कमी शोषली गेलेली गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा केव्हाही बरी.

मात्रेबाबत पाकिटावरचा आकडा पुष्कळदा दिशाभूल करतो. फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम असते. फेरस फ्युमरेटमध्ये वजनाच्या साधारण एक तृतीयांश आणि फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम बारा टक्के. जागतिक आरोग्य संघटना गरोदर स्त्रियांना प्रतिबंध म्हणून रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड सुचवते, आणि रक्तक्षयाचे निदान झाल्यास हिमोग्लोबिन पूर्ववत होईपर्यंत रोज १२० मिलिग्रॅम लोह. हे आकडे प्रत्यक्ष लोहाचे आहेत, गोळीच्या एकूण वजनाचे नव्हेत. जास्त गोळ्या घेतल्या की रक्त लवकर वाढेल, हा समजही तपासून पाहायला हवा. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते पुढचे जवळपास २४ तास आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. लोह कमी असलेल्या, गरोदर नसलेल्या तरुण स्त्रियांवर झालेल्या आणि २०१५ व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिवसाआड डोस दिल्यास प्रत्येक डोसमधून अधिक लोह शोषले गेल्याचे दिसले. गोळ्या अजिबात सोसत नसलेल्या गरोदर स्त्रीने दिवसाआडच्या पर्यायाबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे. परस्पर निर्णय घेऊ नये, कारण दिवस भरत आले असतील तर हाताशी वेळ थोडा असतो.

उपचार लागू पडतो आहे का, हे दोन ते चार आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून पाहावे लागते. गोळ्या नीट घेतल्या जात असतील तर तेवढ्या काळात हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने तरी वाढायला हवे. ते वाढले नाही तर आणखी तीच गोळी लिहून देण्याआधी कारण शोधले पाहिजे. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक असलेल्या स्त्रीच्या तांबड्या पेशी लहान असतात आणि अहवाल लोहाच्या कमतरतेसारखा दिसतो. तिला महिनोन्‌महिने लोह देत राहिल्याने तिच्या रक्तात फरक पडत नाही, आणि पतीची तपासणी वेळेवर झाली नाही तर बाळाबाबतचा धोका कळायचा राहून जातो. सीलिअॅक आजारात, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजारात, आतडे लोह नीट शोषत नाही. हुकवर्मचे जंत आणि मलेरिया रक्त संपवतात. फोलेट (फॉलिक अॅसिड हे त्याचेच गोळीतले रूप) किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर नुसते लोह पुरे पडत नाही. १९२८ साली लूसी विल्स या इंग्लिश डॉक्टर गिरणी कामगार स्त्रियांमधील गरोदरपणीच्या रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी मुंबईत आल्या, त्या कामातून पुढे फोलेटचे महत्त्व जगाला कळले. रक्तक्षय म्हणजे लोहच, असे धरून चालण्यातली चूक तेव्हापासून ठाऊक आहे.

गोळ्या लागू पडत नसतील, सोसत नसतील, किंवा कमतरता मोठी आणि प्रसूती जवळ आली असेल, तर शिरेतून लोह देता येते. पहिल्या तिमाहीत ते देत नाहीत. दुसऱ्या तिमाहीपासून ते दिले जाते; आयर्न सुक्रोज थोडे थोडे करून अनेक वेळा द्यावे लागते, तर फेरिक कार्बोक्सिमाल्टोजसारख्या नव्या औषधांत एकाच वेळी मोठा डोस देता येतो. त्यांची तीव्र प्रतिक्रिया क्वचितच येते, पण ती येऊ शकते म्हणूनच हे औषध प्रशिक्षित कर्मचारी आणि तातडीची औषधे हाताशी असतील तिथेच घ्यावे. 'सलाईन लावावी लागली' म्हणजे काहीतरी भयंकर झाले, असे समजून घरातली माणसे नकार देतात आणि शेवटी अवघडलेल्या वेळी रक्त चढवण्याची पाळी येते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे आणि दर वेळी मनापासून हळहळले आहे. रक्त चढवणे हा तीव्र रक्तक्षयातला किंवा जिवावर बेतलेल्या प्रसंगातला उपाय आहे. नवव्या महिन्यात तो करावा लागला तर सहाव्या महिन्यात काय राहून गेले हे पाहायला हवे.

इतके बारीकसारीक लिहिण्याचे कारण प्रसूतीच्या टेबलावर दिसते. बाळंतपणात प्रत्येक स्त्रीचे काही ना काही रक्त जाते. अंगात पुरेसे रक्त असलेली स्त्री जेवढा रक्तस्राव सहन करते, तेवढ्याने रक्त कमी असलेली स्त्री पांढरीफटक पडते, तिची नाडी धावू लागते आणि आमच्या हातात फार थोडा वेळ उरतो. तीव्र रक्तक्षयात बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो, आणि पहिल्या काही महिन्यांसाठी आईकडून मिळणारी लोहाची शिदोरी त्याला तोकडी मिळते. मेंदूच्या वाढीला लोह लागते, म्हणून ही बाब किरकोळ नाही. जन्मानंतर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटे थांबल्यास वारेतले रक्त बाळाला मिळते आणि त्याचा लोहाचा साठा सुधारतो. जागतिक आरोग्य संघटनेची तशी स्पष्ट शिफारस आहे आणि त्याला पैसाही लागत नाही. याच संघटनेच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ३७ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता.

आणखी एक बाब आपल्या लेखात पूर्णपणे सुटली आहे. बाळ झाले की गोळ्या बंद होतात, कारण सगळ्यांचे लक्ष बाळाकडे वळते. वास्तविक रक्तस्राव नुकताच होऊन गेलेला असतो, रात्रीची झोप नसते, आणि थकव्याला पुन्हा तेच 'असे होतेच' हे उत्तर मिळते. गरोदरपणीचा रक्तक्षय सर्रास आढळतो अशा भागांत बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवडे लोह चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या काळात घरात मोठे भावंड असेल तर गोळ्या त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचावर किंवा कुलपात ठेवाव्यात. रंगीत गोळ्या खाऊ समजून मुले गिळतात आणि लोहाची विषबाधा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. असे झाल्यास लक्षणांची वाट न पाहता मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आपल्या पुरवणीने या विषयावर पुढचा लेख एखाद्या प्रसूतितज्ज्ञाकडून लिहून घ्यावा आणि त्यात गोळी घेण्याची पद्धत, तिचे त्रास आणि त्यांवरचे उपाय, पुन्हा तपासणी केव्हा करायची आणि बाळंतपणानंतरचे आठवडे यांना आहाराच्या यादीपेक्षा अधिक जागा द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका