कॅराव्हॅनला गाडी जोडण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आले. तेव्हापासून नागपुरातून पेंच, ताडोबा आणि चिखलदऱ्याकडे घरासारखी सोय असलेल्या मोठ्या गाड्या जाताना दिसू लागल्या आहेत. मुक्कामाच्या जागी अशी गाडी एकदा लावली, पाण्याची आणि विजेची जोडणी केली, की सिल्लारी किंवा मोहर्लीच्या गेटपर्यंत जाण्यासाठी ती पुन्हा हलवणे जिवावर येते. म्हणून मागे एखादी छोटी कार न्यावी असे कुणाला वाटले तर ते रास्तच आहे. चिंता वाटते ती कार नेण्याच्या पद्धतीची. परदेशी व्हिडिओ पाहून वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी दांडा करून घ्यायचा आणि चालू स्थितीतली कार चारही चाकांवर मागे ओढायची, असा विचार काहींच्या मनात आहे. तो वेळीच सोडून द्यावा, म्हणून हे पत्र.

पहिले कारण कायद्याचे. आपल्याकडच्या वाहनचालन नियमांप्रमाणे एका मोटारीने दुसरी मोटार ओढायची ती बिघडलेली किंवा अर्धवट जुळणी झालेली असेल तरच. एरवी मागे जोडता येतो तो नोंदणी झालेला ट्रेलर. धडधाकट कार दांड्याला बांधून नेणे या चौकटीत बसत नाही, आणि अपघात झाल्यावर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा आधी निघेल. अमेरिकेत कार अशी ओढतात हे खरे. पण तिथे मागच्या कारच्या ब्रेक पेडलवर वेगळे यंत्र बसवलेले असते, दांडा तुटला तर आपोआप ब्रेक लावणारी केबल असते आणि मुळात अशा ओढण्याला कंपनीने मान्यता दिलेली कारच निवडली जाते. व्हिडिओत फक्त दांडा नजरेत भरतो.

मान्यता का लागते, ते गिअरबॉक्स पाहिला की समजते. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गाडीत तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरवली तर आतले भाग फिरत राहतात, पण तेलाचा दाब नसतो, आणि क्लच प्लेटा जळतात. सीव्हीटीतही (गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्येही) इंजिन बंद असले की पंप बंदच, त्यामुळे पट्टा आणि पुली कोरड्या घासतात. इलेक्ट्रिक गाडीची चाके फिरली की मोटर जनरेटर होते, मग वायरिंग आणि इन्व्हर्टर धोक्यात येतात. मॅन्युअल गाडी त्यातल्या त्यात सोशिक, पण तिच्यातही फरक आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या कारमध्ये डिफरन्शियलचा मोठा गिअर त्याच तेलात फिरतो आणि तेल उडवत राहतो. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तेल उडवण्याचे काम लेशाफ्ट (गिअरबॉक्समधला इंजिनकडून फिरणारा दुय्यम शाफ्ट) करतो, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन बंद असताना तो थांबलेला असतो. मुख्य शाफ्ट मात्र चाकांबरोबर फिरतो आणि त्याची बेअरिंग कोरडी पडतात. म्हणून अशी गाडी लांब ओढायची वेळ आली तर जाणकार मेकॅनिक आधी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणारा दांडा) उतरवतो. एएमटीची, म्हणजे मॅन्युअल गिअर यंत्राने बदलणाऱ्या गाडीची, अडचण वेगळीच आहे. बॅटरी बसली आणि गाडी गिअरमध्ये अडकली, तर ती न्यूट्रलला येतच नाही.

तेव्हा कार न्यायचीच असेल तर ती पूर्णपणे ट्रेलरवर चढवून. ट्रेलर नोंदणी झालेला असावा, त्याला स्वतःची नंबरप्लेट आणि विमा असावा. पुढची दोन चाके उचलून मागची रस्त्यावर ठेवणारी डॉली मी सुचवणार नाही. मागच्या किंवा चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला ती चालत नाही, आणि रिव्हर्स घेताना ती लगेच दुमडते.

ट्रेलर घेतला की खरा प्रश्न वजनाचा. छोटी कार 850 किलोची आणि ट्रेलर 450 किलोचा धरला तर मागे 1,300 किलो होतात. 4,000 किलोच्या कॅराव्हॅनमागे एवढे ओझे ओढताना जोडावर येणारा ताण ठरवण्याचे एक सूत्र आहे: दोन्ही वजनांचा गुणाकार भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले 9.81. वजने टनांत घातली की उत्तर किलोन्यूटनमध्ये येते. इथे ते साधारण 9.6 आहे. चांगल्या टो-बारच्या (ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे बसवलेल्या दांड्याच्या) पाटीवर हा आकडा डी या अक्षरापुढे कोरलेला असतो, आणि तो आपल्या उत्तरापेक्षा जास्त हवा. पाटीच नसलेला, बंपर-गार्डला जोडलेला चकचकीत बॉल (ट्रेलर ज्यावर अडकवतात तो गोळा) शोभेचा असतो. जोड चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांना, बोल्टने बसवलेला हवा. शिवाय वाहन बनवणाऱ्या कंपनीने ओढण्याची किती मर्यादा दिली आहे ते कागदोपत्री पाहावे. मर्यादा दिलेलीच नसेल तर त्या गाडीमागे ट्रेलर लावू नये, इतके ते स्पष्ट आहे.

ट्रेलरचे नाक, म्हणजे पुढचे टोक, बॉलवर किती दाब देते, यावर बाकी सगळे अवलंबून असते. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे आपल्या उदाहरणात 130 किलो, हे ठीक प्रमाण आहे. टो-बारवर याहून कमी मर्यादा लिहिलेली असेल तर ती पाळायची. दाब कमी पडला की ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो, आणि एकदा तो डोलायला लागला की काही सेकंदांत पुढची गाडीही आडवी होऊ शकते. दाब जास्त झाला तर कॅराव्हॅनचे मागचे पाटे बसतात आणि स्टेअरिंग हलके पडते. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधले अंतर) 3.6 मीटर आणि बॉल मागच्या अॅक्सलपासून 1.8 मीटर मागे असेल, तर 130 किलोच्या दाबाने मागच्या अॅक्सलवर 195 किलो वाढतात आणि पुढच्या अॅक्सलवरचे 65 किलो कमी होतात. ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांचा मागचा भाग लांब असतो, त्यामुळे हा परिणाम चांगलाच जाणवतो.

हे अंदाजाने होत नाही. निघण्याआधी वजनकाट्यावर जावे. पाण्याची टाकी भरलेली (150 लिटर म्हणजे 150 किलो), डिझेल भरलेले, माणसे आत बसलेली, अशा स्थितीत ट्रेलर जोडून पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल आणि ट्रेलर यांची वेगवेगळी वजने घ्यावीत. मग ट्रेलर सोडून फक्त त्याचे नाकाचे चाक काट्यावर घ्यावे, की नाकाचा दाब मिळतो. तो जुळवायला कार पुढेमागे सरकवायची. बॉलपासून ट्रेलरच्या अॅक्सलपर्यंत 3.5 मीटर अंतर असेल तर 850 किलोची कार 20 सेंटिमीटर पुढे घेतल्याने दाब जवळपास 50 किलोने वाढतो. योग्य जागा सापडली की ट्रेलरच्या फळीवर रंगाने खूण करून ठेवावी. कार चढवताना तिचे तोंड पुढे असावे.

बांधताना रॅचेटचे चार पट्टे लागतात, प्रत्येक चाकाला एक, आणि तो टायरवरून घ्यायचा. सस्पेन्शनच्या आर्मला किंवा बंपरला बांधलेला पट्टा खड्ड्यात कार दबली की ढिला पडतो. कार पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून ओंडके. पहिल्या दहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ताणावेत, पन्नासेक किलोमीटरवर चाकांचे नट पान्याने तपासावेत. प्रत्येक थांब्यावर ट्रेलरच्या हबजवळ (चाकाच्या मध्यभागाजवळ) हात नेऊन पाहावा. एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा बराच तापलेला असेल तर बेअरिंग कोरडे आहे किंवा ब्रेक चिकटतो आहे. तसेच पुढे गेले तर चाक निखळून पडेपर्यंत मजल जाते.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. युरोपात 750 किलोंच्या वरच्या ट्रेलरला ते सक्तीचे आहेत, आणि आपले ओझे त्याच्या जवळपास पावणेदोनपट आहे. साध्या व्यवस्थेत कॅराव्हॅन मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, जोडातली सरकती नळी आत जाते आणि केबल ओढून ड्रम ब्रेक लागतात. याच कारणाने अशा ट्रेलरला रिव्हर्समध्ये ब्रेक लागून बसतो, त्यासाठी असलेली कडी किंवा ऑटो-रिव्हर्सची सोय आधी समजून घ्यावी. तुटल्यास ब्रेक लावणारी केबल कॅराव्हॅनच्या चासीला अडकवावी. बॉललाच गुंडाळली तर बॉल निघाल्यावर तीही त्याच्याबरोबर जाईल. सुरक्षा साखळ्या दोन, जोडाखालून एकमेकींना ओलांडून लावलेल्या, वळणापुरत्याच ढिल्या. जोड निसटलाच तर ट्रेलरचे नाक त्या फुलीवर टेकते आणि डांबरात घुसत नाही.

दिव्यांच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. मोठ्या बस-चासीवरच्या कॅराव्हॅनमध्ये 24 व्होल्टची यंत्रणा असते आणि छोट्या ट्रेलरचे दिवे 12 व्होल्टचे. थेट जोडले की बल्ब उडतात आणि रात्री मागून काहीच दिसत नाही. मध्ये व्होल्टेज उतरवणारे उपकरण बसवावे. ब्रेकचा दिवा, दोन्ही इंडिकेटर आणि टेललॅम्प एकाने मागे उभे राहून प्रत्यक्ष पाहावेत. मागे लाल रिफ्लेक्टर असावेतच.

नागपूरच्या उन्हाळ्यात 45 अंशांच्या पुढे पारा आणि समृद्धीचे तापलेले काँक्रीट, यात कमी हवेचा टायर टिकत नाही. हवा सकाळी, टायर गार असताना भरावी. ट्रेलर वर्षभर उभा राहिलेला असतो, त्यामुळे नक्षी शाबूत दिसली तरी रबर मेलेले असू शकते. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक पाहावेत. 2321 म्हणजे 2021 सालातला 23 वा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर ट्रेलरवर नको. वेग 60 च्या आसपास ठेवावा. 60 ऐवजी 80 ने गेलात तर थांबवायची ऊर्जा जवळपास पावणेदोनपट होते. समृद्धीवर गाड्या 120 ने जातात म्हणून त्यांच्याशी स्पर्धा करण्याचे कारण नाही. डावी लेन धरावी.

ट्रेलर डोलू लागला तर जोरात ब्रेक दाबू नये, स्टेअरिंगने उलट झटके देऊ नयेत, वेगही वाढवू नये. पाय अॅक्सिलरेटरवरून काढून स्टेअरिंग सरळ धरावे. वेग उतरला की डोलणे थांबते. मग थांबून नाकाचा दाब आणि हवा तपासावी. सिवनीच्या वाटेवरच्या कुरई घाटात उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यावा. उतारभर ब्रेकवर पाय ठेवला तर लायनिंग तापून ब्रेक सुटतात. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे वर जाताना मात्र माझा आग्रह आहे की ट्रेलर खालीच सोडावा आणि कार दुसऱ्या माणसाने चालवत न्यावी. त्या वळणांवर लांब जोडगाडी समोरच्या एसटीला जागाच ठेवत नाही. खरे तर सोबत परवाना असलेला दुसरा माणूस असेल तर संपूर्ण प्रवासातच कार वेगळी चालवत नेणे सर्वांत सुरक्षित आणि बहुधा सर्वांत स्वस्तही.

रस्त्यात कारच बंद पडली आणि टोचन करून काढावी लागली, तर नियम वेगळे आहेत. दोन गाड्यांमधले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको. मागच्या गाडीत स्टेअरिंगवर परवानाधारक हवा. दोर किंवा साखळी दुरून ओळखू येईल अशी हवी. कारसोबत मिळालेला हूक बंपरच्या झाकणामागे पूर्ण घट्ट आवळावा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. किल्ली ऑन असावी, नाहीतर स्टेअरिंग लॉक होते. इंजिन बंद असल्याने दोन-तीन दाबांनंतर ब्रेक दगडासारखा कडक होतो, त्यावर पाय पूर्ण ताकदीने द्यावा लागतो. ताशी वीसच्या पुढे जाऊ नये, आणि दोराच्या मध्यावर जाडजूड गोणपाट टाकावे, म्हणजे तुटला तर तो काचेवर येत नाही. ऑटोमॅटिक, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांसाठी फ्लॅटबेडच बोलवावा. 23 सप्टेंबर 2023 च्या अंबाझरीच्या पुरासारख्या पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये आणि चाकांवरही ओढू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 हा क्रमांक आहे.

कॅराव्हॅन भाड्याने देणाऱ्यांनी गाडीच्या कागदांसोबत तीन गोष्टी ग्राहकाला लेखी द्याव्यात: कंपनीने दिलेली ओढण्याची मर्यादा, नाकाच्या दाबाची मर्यादा आणि भरलेल्या गाडीचे अॅक्सलनिहाय वजन. आरटीओने योग्यता तपासणीच्या वेळी टो-बार चासीला बसवला आहे की बंपरला, एवढे तरी वाकून पाहावे, आणि पाटी नसलेला बॉल तिथेच काढायला लावावा.

आपला,
एक मोटार अभियंता, नागपूर