घेतले तेरा, परत दिले पाच. याला भेट म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काल, ४ नोव्हेंबर २०२१ ला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच्या आपल्या अंकात पहिल्याच पानावर पेट्रोल-डिझेलवरच्या करकपातीच्या बातमीला ‘केंद्राची दिवाळी भेट’ असा मोठा मथळा वाचला. शेजारी पणतीचं चित्र होतं. दिवसभर सणाची धावपळ होती म्हणून गप्प बसले. आज पाडवा. पेपर आलेला नाही, स्वयंपाक उरकला आहे आणि तो मथळा काही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

उद्या भाऊबीज. भाऊ ताटात ओवाळणी घालतो, ती भेट. माझ्याच पर्समधून कुणी तेरा रुपये काढून घेतले आणि दीड वर्षाने त्यातले पाच परत आणून दिले, तर त्याला आमच्या घरात तरी भेट म्हणत नाहीत. मार्च २०२० मध्ये केंद्राने पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे ३ रुपयांनी वाढवलं. मे महिन्यात एका रात्रीत पेट्रोलवर आणखी १० आणि डिझेलवर १३ रुपये चढवले. दोन महिन्यांच्या आत पेट्रोलवर १३, डिझेलवर १६. आता कमी केले ५ आणि १०. उरलेले ८ आणि ६ रुपये आजही आम्ही भरतो आहोत. हे आपल्याच अंकात त्या वेळी छापून आलं होतं, मग कालच्या बातमीत त्याची एक ओळसुद्धा का नसावी?

तेव्हा आरडाओरड झाली नाही, कारण लॉकडाऊनमध्ये गाड्या अंगणात उभ्या होत्या. जगात कच्चं तेल मातीमोल झालं होतं. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेतल्या तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला. ती स्वस्ताई आमच्या टाकीपर्यंत आलीच नाही, वाटेतच करात जिरली. पुढे तेल महागलं, तेव्हा मात्र ती महागाई रोज सकाळी सहाला न चुकता पंपावर हजर. या ऑक्टोबरात तर रोज उठून ३५ पैसे, ३५ पैसे. ३५ पैशांनी कुणाचं काय जातं, असं वाटतं. माझं काय गेलं ते सांगते.

मी हिशोबाची वही ठेवते. लग्न झाल्यापासून ठेवते, सासूबाईंनी लावलेली सवय आहे. जिंतूर रस्त्यावरच्या एका गावात माध्यमिक शाळेत विनाअनुदानित तुकडीवर शिकवते. घरापासून शाळा २६ किलोमीटर, जाऊन-येऊन ५२. स्कूटी लिटरला ४५ देते. महिन्याचे २५ दिवस धरले तर साधारण २९ लिटर पेट्रोल लागतं. जानेवारी २०२० च्या पानावर पेट्रोलचे २,४०० रुपये लिहिले आहेत. गेल्या महिन्यात ४ ऑक्टोबरला शाळा पुन्हा भरली. महिनाअखेरीस परभणीत पेट्रोल ११८ च्या पुढे गेलं होतं. त्या भावाने तेवढ्याच लिटरचे ३,४०० रुपये होतात. माझ्या हातात महिन्याला येतात ९,०००. शिकवायला जाण्यासाठीच पगाराचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा जातो. परवाच्या कपातीनंतर भाव लिटरमागे साधारण ६ रुपयांनी उतरला. २९ लिटरला गुणा: १७४ रुपये. आपल्या मथळ्यातली दिवाळी भेट माझ्या घरी एवढी आली.

पैशाचं गणित मी कसंही जुळवते. दुधाचा अर्धा लिटर कमी केला, करडईचं तेल सोडून सोयाबीनचं आणलं, तेही महागच. पण ऑक्टोबरात माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती पैशाची नाही, आणि तिच्यामुळेच हे पत्र लिहिलं जात आहे.

आमच्या शाळेत घड्याळी तासिकेवर शिकवणारी एक मुलगी आहे. वाटेवरच्या एका फाट्यावर ती उभी राहायची आणि माझ्या मागे बसून शाळेत यायची. शाळा बंद पडण्याआधी दोन वर्षं हे चाललं होतं. गणित फार छान शिकवते. तिला महिन्याला चार-साडेचार हजार मिळतात, तेही तीन-चार महिन्यांनी एकदम. तिच्याकडून कधी एक रुपया घेतला नव्हता. मनातही आलं नव्हतं. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात पेट्रोलला एवढे पैसे गेले की एका संध्याकाळी वहीसमोर बसून मी घाबरले. दुसऱ्या दिवशी फाट्यावर ती मागे बसली आणि मी पुढे बघतच म्हणाले, “आता पेट्रोल परवडत नाही गं, रोजचे वीस रुपये देत जा.” ती लगेच म्हणाली, “हो मॅडम, मीच देणार होते.”

आठ दिवस तिने दिले. शाळेच्या फाटकात उतरली की मोजून दहा-दहाच्या दोन नोटा. नवव्या दिवशी ती फाट्यावर नव्हती. शाळेत भेटल्यावर म्हणाली, चुलत्यांचा दुधाचा टेम्पो इकडेच येतो, त्यात येत जाईन. तो टेम्पो सकाळी सहाला येतो आणि शाळा साडेदहाला भरते. चार तास ती कुठे बसते, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. नंतर शिपायाने सांगितलं, वर्गाचं कुलूप उघडेपर्यंत ती मारुतीच्या पारावर वह्या तपासत बसते.

स्कूटी तर तशीही जाणारच होती, संपादक महोदय. मागे कुणी बसलं म्हणून असं कितीसं पेट्रोल जास्त लागतं? तरी मी पैसे मागितले, कारण मला त्या ३,४०० मधले काहीतरी कमी करायचे होते आणि माझ्या हातात तेवढी एकच जागा होती. मी अशी नव्हते. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, पैसे नकोत, तू परत येत जा. ती म्हणाली, “राहू द्या मॅडम, आता सवय झाली टेम्पोची.” आणि मला तिळाची चटणी डब्यात भरून दिली.

महागाईने घराचं काय होतं, हे आपल्या बातम्यांत टक्क्यांत येतं. माणसं एकमेकांपासून कशी दूर सरकतात, हे कुठे येत नाही.

सरकार म्हणतं, दर बाजार ठरवतो. पेट्रोलचे भाव जून २०१० पासून मोकळे केले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पासून, आणि जून २०१७ पासून रोज बदलतात. ठीक आहे. मग यंदा २७ फेब्रुवारीनंतर बंगाल, आसाम, तमिळनाडू, केरळची मतदानं होऊन निकाल लागेपर्यंत भाव एक पैसाही का वाढला नाही? निकाल लागल्यावर ४ मे पासून चढ सुरू झाला आणि त्याच महिन्यात परभणीत साध्या पेट्रोलने शंभरी ओलांडली. आताही देगलूरसह पोटनिवडणुकांचे निकाल २ नोव्हेंबरला लागले आणि ३ तारखेला संध्याकाळी कपात जाहीर झाली. मतदान कुठे आहे हे बाजाराला कसं कळतं?

राज्य सरकारलाही यातून सोडू नये. गोव्याने आणि कर्नाटकाने आपला कर लिटरमागे ७ रुपयांनी उतरवला. बिदरकडचा माणूस स्वस्तात पेट्रोल भरणार, आणि सीमेच्या अलीकडे आम्ही जुन्याच करात. आपलं राज्य केंद्राकडच्या जीएसटीच्या थकबाकीकडे बोट दाखवतं. थकबाकी असेल, ती मागावी, पण ती आमच्या टाकीतून का वसूल व्हावी? आमच्या परभणीत पेट्रोलवर राज्याचा २५ टक्के व्हॅट आहे, वर लिटरमागे १० रुपये १२ पैसे वेगळे. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून लिटरला २ रुपयांचा अधिभार लावला, तो आम्हा दुष्काळी जिल्ह्यांकडूनही जसाच्या तसा घेतला. ज्याच्या घरी आजारी माणूस, त्याच्याच दारात औषधाची वर्गणी मागायला यावं, तसं झालं ते.

शेतीचं तर विचारूच नका. गावी दीर तीन एकर बघतात. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्यात होतं. उरलेलं काढलं तर मळणीवाल्याने कट्ट्यामागे दर वाढवलेला. आता हरभऱ्याच्या पेरणीआधी नांगरणी करायची, तर दोन वर्षांपूर्वी एकरी १,४०० घेणारा ट्रॅक्टरवाला १,९०० म्हणतो. त्याला दोष देता येत नाही, डिझेल शंभरी ओलांडून बसलं होतं. माझे मिस्टर मोंढ्यात आडतीवर मुनीम आहेत. ऑगस्टमध्ये दहा हजारांच्या वर गेलेलं सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर पाच हजारांवर आलेलं त्यांनी रोज पट्टीवर लिहिलं. शेतकऱ्याच्या मालाला उतार आणि त्याच्या ट्रॅक्टरला चढ, असं हे वर्ष गेलं. गॅसचंही तेच. गेल्या नोव्हेंबरात मुंबईत ५९४ रुपयांना असलेली टाकी आज ८९९ रुपये ५० पैशांना आहे, इथे वाहतूक धरून नऊशेच्या वर. बँकेत सबसिडी जमा झाल्याचा मेसेज मे २०२० नंतर आलेला नाही. गॅसच्या कपातीचा कालच्या भेटीत उल्लेखही नव्हता.

उद्या माझा भाऊ कंधारहून यायचा होता. एसटीचं भाडं २६ ऑक्टोबरपासून १७.१७ टक्क्यांनी वाढलं, कारण दिलं डिझेलचं. आता संप आहे, गाडी सुटेल की नाही याची खात्री नाही. कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांचाही संसार याच महागाईत चालतो, आणि त्यांचा पगार किती हे सगळ्यांना ठाऊक आहे. काळीपिवळीवाला दुप्पट मागतो. भाऊ म्हणाला, “ताई, यंदा फोनवरच ओवाळ.” मी हो म्हणाले.

आता आपल्याविषयी दोन गोष्टी, राग मानू नये. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही अभिमानाने म्हणतो. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य आहे. मे महिन्यात पेट्रोलने शंभरी गाठली तेव्हा आपण तेच वाक्य महागाईच्या बातमीला मथळा म्हणून वापरलं आणि अधूनमधून अजून वापरता. आमच्याकडे टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून तीनशेहून जास्त किलोमीटर येतो, जवळ डेपो नाही, म्हणून इथे राज्यात सर्वांत महाग पेट्रोल मिळतं. यात गंमत वाटावी असं काही नाही. जवळ डेपो का होत नाही, यावर एक नीट बातमी करा. ती आम्ही कापून ठेवू.

आणि त्या टँकरला, मला, दुधाच्या टेम्पोला ज्या रस्त्याने जावं लागतं, त्या जिंतूर रस्त्याचं काम किती वर्षं चाललं आहे हे आपल्या वार्ताहरांना विचारा. एका बाजूला खोदून ठेवलेलं, दुसऱ्या बाजूला खड्डे. पूर्वी ४० मिनिटांत होणाऱ्या वाटेला सव्वा तास लागतो. ४५ देणारी स्कूटी आता ४५ देते का, हे मला मोजवतही नाही. वर हिशोब केला तो जुन्या चांगल्या रस्त्याचा.

आपल्या आतल्या पानावर रोज इंधन दरांची चौकट असते. तीत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर असतं. परभणी नसते, हिंगोली नसते, नांदेड नसते. पेपर पुन्हा निघेल तेव्हा त्या चौकटीत परभणीची एक ओळ घाला, आणि उत्पादन शुल्क किती, व्हॅट किती, हेही रोज छापा. दोन ओळींची जागा लागेल. पणतीच्या चित्राने त्याहून जास्त जागा घेतली होती.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका, परभणी
५ नोव्हेंबर २०२१