वस्तीला राहिलेल्या ड्रायव्हरकाकांना

काका, सलाम.

आम्हा ख्रिस्ती लोकांत असंच म्हणतात. पहिल्या दिवशी मी सवयीने सलाम म्हणाले, तेव्हा तुम्ही जरा गोंधळला होता. मग गळ्यातली माळ सारखी करत "रामकृष्णहरी, बाई" म्हणालात आणि बूट काढायला लागलात. सगळं घर घोटाभर चिखलात, आणि तुम्ही उंबऱ्याशी बूट काढत होता!

आई गेली. गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी, झोपेतच. परवा तिची ट्रंक उपसताना तळाशी ती वाकळ सापडली आणि मी तिथेच फरशीवर बसून राहिले. तुमचा नंबर ज्या मोबाईलमध्ये होता तो केव्हाच बंद पडला. पाटणच्या पुढे डोंगरात गाव आहे, एवढं तुम्ही सांगितलं होतं. गावाचं नावही सांगितलं होतं, पण त्या दिवसांत कुणाला काय लिहून ठेवायचं सुचत होतं? म्हणून हे असं उघडं पत्र. कुणीतरी वाचून दाखवेल तुम्हाला.

ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांना गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर पाहिलेल्या आमच्यासारख्यांनी तेव्हाच्या खुणेच्या वर सामान रचलं आणि निर्धास्त बसलो. कृष्णामाईने ती खूण कधी ओलांडली ते कळलंही नाही. सांगलीवाडीतून बाहेर पडताना आई कागदपत्रांची पिशवी विसरली आणि प्लास्टिकमध्ये बांधून एक वाकळ तेवढी काखेत घेतली. त्यावरून मी तिला बोटीतच बोलले. चारचौघांत. ते आजही टोचतं.

पाणी उतरल्यावर घरी आलो तर ज्वारीच्या पोत्याला मोड आलेले, लाकडी कपाट फुगून दार उघडेना, आणि तो वास. आई ओट्याच्या कडेला बसली ती बसलीच. बोलणं बंद.

मदत आली नाही असं म्हटलं तर जीभ झडेल. तुमच्या जिल्ह्यातून तर भाकऱ्यांचे टेम्पोच्या टेम्पो आले. पण काका, काही जण आमच्या दारात फक्त फोटोपुरते उभे राहिले. एकाने पिशवी आईच्या हातात दिली, फोटो नीट आला नाही म्हणून परत घेतली आणि पुन्हा दिली. आईने दोन्ही वेळा हात पुढे केले. विश्रामबागेकडे आमचे एक नातेवाईक आहेत, घर उंचावर, पायऱ्यासुद्धा कोरड्या. त्यांच्याकडे आधीच पाहुणे होते म्हणे. दर नाताळला आमच्याकडे करंज्या खाताना येशूच्या जन्माच्या वेळचं 'उतारशाळेत त्यांना जागा नव्हती' हे वचन तेच मोठ्याने वाचतात. आणि एका प्रवचनकाराने फोनवरून वीस मिनिटं सांगितलं, की यातही देवाची योजना आहे. असेल. पण योजना सांगणाऱ्याचे पाय कोरडे होते.

तुम्ही आलात ते वैरण घेऊन. वैरण उतरवली आणि संध्याकाळी टेम्पो पुतण्याकडे देऊन त्याला परत पाठवलात. "मी ऱ्हातो दोन दिस वस्तीला," म्हणालात. दोनाचे सहा झाले. त्या सहा दिवसांत किती घमेली चिखल काढला, कुणाकुणाच्या मोटरी सोडवल्या, पंचनाम्याच्या रांगेत कोण कुणासाठी उभं राहिलं, ते सगळं लिहीत बसत नाही. गल्लीला माहीत आहे.

मला लिहायचंय ते पहिल्या रात्रीचं. पाऊस पुन्हा लागला होता. वीज नव्हती. तुम्ही भिजलेल्या अंगाने आईसमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "आक्का, अंगावर घ्यायला येखादी वाकळ हाय का वो? गारठा लई लागतोय."

मला आधी रागच आला. ज्यांचं सगळं गेलंय त्यांच्याकडे मागायचं? पण आईने मान वर केली. कितीतरी दिवस ती नुसती घेत होती. बिस्किटं घेत होती, ब्लाउजपीस नसलेल्या साड्या घेत होती, टूथब्रश घेत होती. 'आक्का, तुमच्याकडे आहे का?' असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, प्लास्टिकची गाठ दातांनी सोडली आणि तिच्या आईच्या लुगड्यांची ती वाकळ तुमच्या अंगावर टाकली. वर म्हणाली, "सकाळी घडी घालून ठेव. इथं पोरी नाहीत तुझ्या मागं आवरायला." इतक्या दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य. मी अंधारात तोंड फिरवून रडले.

नंतर मनात किडा आला, की तिला बोलतं करायला तुम्ही थंडीचं सोंग केलं असेल. रात्री उठून पाहिलं तर तुम्ही वाकळीतसुद्धा कुडकुडत होता, दात वाजत होते. तुम्हाला वाकळ खरोखरच हवी होती. माझ्यासाठी सगळं त्या वाजणाऱ्या दातांत आहे.

आता थोडं आमच्या शास्त्राचं सांगते. कंटाळू नका, तुम्ही त्या वेळी आवडीने ऐकलं होतंत. वीसेक वर्षं मी चर्चच्या शब्बाथशाळेत मुलांकडून एक वचन पाठ करून घेते, योहानाच्या शुभवर्तमानातलं: 'शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.' शब्द म्हणजे देवच, तो येशूच्या रूपाने माणूस झाला; याला आम्ही देहधारण म्हणतो. मूळ ग्रीक क्रियापदात तंबू ठोकून राहण्याचा अर्थ आहे. इस्राएल लोक रानात तंबूंत राहत होते तेव्हा त्यांच्या मधोमध देवाचा निवासमंडप असे, तोही तंबूच, त्याची ती आठवण. हे सगळं मी मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवायचे. 'वस्ती केली' म्हणजे राहिला, एवढं सांगून पुढच्या वचनाकडे.

तुम्ही मला तो शब्द एसटीतून शिकवलात. तिसऱ्या रात्री मी विचारलं, काका, तुम्ही राहिलात का? तर म्हणालात, "बाई, निम्मी नोकरी वस्तीच्या गाडीवर गेली. दिवसाची गाडी फाट्यावर हॉर्न मारती आन् जाती. वस्तीच्या गाडीच्या ड्रायव्हरला गावात झोपावं लागतं, गावच्या पाण्यानं आंघोळ करावी लागती, गावात मयत झाली तर त्याचा पण चहा चुकतो." कधी कुणाच्या ओसरीवर, कधी देवळात, गावाने जेवायला घातलं तर जेवायचं. म्हणजे, काका, गावाचं उसनं घेतल्याशिवाय वस्ती होत नाही. हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर शुभवर्तमान वाचायला घेतलं की मला सगळीकडे उसनवारीच दिसायला लागली. येशू जन्मला तो जनावरांच्या गव्हाणीत. शिमोनाची होडी मागून घेतली आणि तीत बसून काठावरच्या लोकांना शिकवलं. यरुशलेमेत शिरला ते दुसऱ्याच्या शिंगरावर बसून. शेवटचं जेवण दुसऱ्याच्या माडीवर. कबरसुद्धा अरिमथाईकर योसेफाची, त्याने स्वतःसाठी खोदून घेतलेली. आणि याकोबाच्या विहिरीवर, भर दुपारी चालून थकलेला तो, ज्या शोमरोनी बाईच्या हातचं यहुदी लोक घेत नसत तिच्याकडे पाणी मागतो. त्या गोष्टीत पुढे जिवंत पाण्याचं मोठं बोलणं आहे आणि प्रवचनं सगळी त्यावरच होतात. मी मात्र आता त्या आधीच्या मागण्यापाशीच अडते. त्या बाईला किती वर्षांत कुणी काही मागितलं असेल?

पहिल्या काही शतकांत असे लोक होते, जे म्हणायचे की देवाला कसली आलीय तहान, त्याचं शरीर हा नुसता भास होता. दिसायला आला, खरा आला नाही. ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, ते साफ नाकारलं, आणि ४५१ साली कॅल्सेडॉनच्या धर्मपरिषदेत स्पष्ट शब्दांत मांडलं: पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. पूर्वी मला वाटायचं, एवढा वाद कशाला घातला असेल? आता नाही वाटत. सोंगाची तहान असती तर त्या बाईची घागर नुसती नाटकातली वस्तू झाली असती. (आमच्या दारात फोटोला उभी राहिलेली मंडळी त्या भासवाल्यांच्या पंथात शोभली असती, हे आपलं जाता जाता.)

तुम्हाला मी हे ओबडधोबड सांगितलं, तेव्हा तुम्ही तंबाखू मळत म्हणालात, "आमचा तर विटेवर उभाच हाय, बाई. अजून बसाय सांगितलं न्हाई कुणी." आई खो खो हसली होती. तुमचं आमचं सगळं एकच, असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही आणि तुम्हालाही पटायचं नाही. आमच्या श्रद्धेत देवाने देह घेतला तो एकदाच, एका ठरावीक गावात, हेरोद राजाच्या काळात, आणि तो देह त्याने टाकून दिला नाही. जखमांच्या खुणांसकट तो उठला. पण त्या रात्री ओट्यावर तुमच्या-माझ्यात वाद झाला नाही. पिठलं होतं, तुम्ही आणलेल्या भाकरी होत्या, आणि भाकरी इतक्या कडक झाल्या होत्या की आईने त्या पाण्यात बुडवून खाल्ल्या.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेलात त्या सकाळी वाकळ घडी घालून ठेवली होती, अगदी काठाला काठ लावून. आईने ती उलगडून पुन्हा स्वतः घातली. म्हणाली, "ड्रायव्हरला घडी जमत नाही." मग ती ट्रंकेत तळाशी ठेवली आणि नंतर कुणालाच दिली नाही. मला तापात थंडी वाजली तरी नाही, रग दिला. विचारलं तर म्हणायची, "ती वस्तीच्या गाडीची हाय." ही बाई जन्मभर शुद्ध बोलायची, पण एवढं एक वाक्य तुमच्यासारखं बोलायची.

वाकळ धुतली. दोन दिवस वाळायला लागले, आतल्या लुगड्यांचा भार आहे. हिरव्या काठाचा एक तुकडा उसवला होता, तो मी शिवला, टाका वेडावाकडा झालाय.

यंदा नाताळला या. करंज्या मी करीन, आईसारख्या होणार नाहीत. पाटणहून कराड, कराडहून सांगली, पूल ओलांडला की कुणालाही शाळेच्या बाईंचं घर विचारा. सकाळी येऊन संध्याकाळी जाऊ नका, वस्तीलाच या. येताना पांघरूण आणू नका.

तुमची,
सांगलीवाडीची बाई